पहिली चावी

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. आज सकाळी मोजल्या तेव्हा त्यात ३९ चाव्या होत्या. प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर नुसता आकडा. नाव-पत्ता वहीत, आणि वही दुसऱ्या खणात. चावी रस्त्यात पडली आणि उचलणाऱ्याला पत्ताही मिळाला, असं व्हायला नको. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही. धंद्याच्या पहिल्याच वर्षी पत्त्यासकट चावी हरवली, मालकाच्या दाराचं कुलूप पदरचे पैसे घालून बदललं आणि त्याच रात्री बसून पुठ्ठे कापले.

एजंटाचं कसं चाललंय हे त्याच्या गाडीवरून कळत नाही आणि ऑफिसच्या काचेवर चिकटवलेल्या 'टू बीएचके, थ्री बीएचके उपलब्ध'वरून तर नाहीच नाही. त्याच्याकडे चाव्या किती आहेत ते विचारावं. नव्याने या धंद्यात येणाऱ्या मुलामुलींना मी हे सांगतो तेव्हा ती मान डोलावतात आणि बाहेर पडून नेमकं उलटं करतात. कार्डं छापतात, पोर्टलचं पॅकेज घेतात, एजंट लोकांच्या दहा-बारा व्हॉट्सॲप ग्रुपांत शिरतात आणि घर शोधणाऱ्याचा फोन येण्याची वाट पाहत बसतात. फोन येतात, नाही असं नाही. पण त्यातले निम्मे त्यांच्यासारख्याच दुसऱ्या नव्या एजंटांचे असतात. 'सर, कर्वेनगरला काही आहे का? पार्टी रेडी आहे.' ह्याच्याकडे पार्टी नाही, त्याच्याकडे घर नाही, आणि दोघांचा दिवस गेला.

घर शोधणारे शहरात कमी नाहीत. ज्याच्याकडे दाखवायला घर आहे त्याचा पत्ता ते हुडकून काढतात. तुटवडा आहे तो भरवशाने चावी देणाऱ्या मालकांचा. म्हणून 'गिऱ्हाईक कसं मिळवायचं' हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. पहिलं गिऱ्हाईक मालक. तो मिळाला की दुसरं त्याच्या मागोमाग येतं. मी पुण्यात कोथरूड-कर्वेनगर पट्ट्यात काम करतो आणि इथून पुढचं सगळं तिथल्या अनुभवाचं आहे. ठाणे, नाशिक, नागपूर किंवा म्हापशात दर आणि रिवाज निराळे असतील. चावीचं गणित तेच.

आधी कायद्याचं उरकून घेऊ, कारण त्याबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. काहींना वाटतं की लायसन्सशिवाय भाड्याची खोलीसुद्धा दाखवता येत नाही. काहींना वाटतं काहीच लागत नाही. स्थावर संपदा कायदा २०१६ चा; आपलं महारेरा १ मे २०१७ पासून कामाला लागलं. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातलं घर, दुकान किंवा प्लॉट विकून देणार असाल, तर एजंट म्हणून तुमची नोंदणी हवीच. जुन्या सोसायटीतला रीसेलचा फ्लॅट किंवा भाड्याचं घर यांना ती लागत नाही. एकट्या माणसासाठी नोंदणीचं शुल्क १० हजार रुपये, भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर एक लाख, आणि मुदत पाच वर्षांची. १० जानेवारी २०२३ च्या आदेशानंतर त्यात परीक्षेची भर पडली: २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, मग ऑनलाइन परीक्षा द्यायची. ही परीक्षा आयबीपीएस घेते, म्हणजे बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेणारी तीच संस्था. पहिली परीक्षा २० मे २०२३ ला झाली. वीस-वीस वर्षं धंदा केलेले लोक नाकावर चष्मा सरकवत कार्पेट एरियाची व्याख्या पाठ करताना मी पाहिले आहेत. काहींनी परीक्षाच दिली नाही. २०२४ मध्ये महारेराने अशा सुमारे २० हजार जणांची नोंदणी स्थगित केली.

नोंदणी न करता प्रकल्पातली घरं विकली तर दंड दिवसाला १० हजार रुपये, आणि तो त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. ८० लाखांच्या फ्लॅटवर पाच टक्के म्हणजे चार लाख, आणि तिथवर पोचायला ४० दिवस पुरतात. त्या सौद्यात दलाली कितीची मिळाली असती ते ज्याने त्याने ताडून पाहावं. माझं मत विचाराल तर नुसतं भाड्याचं काम करणार असाल तरी परीक्षा देऊन टाका. वीस तासांत जे कानावर पडतं ते शिकायला मला सहा वर्षं आणि दोन भांडणं लागली.

'दलाल' शब्दाचं ओझं काहींना वाटतं. घरात सांगायला लाज वाटते म्हणून 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' लिहितात. शब्द मूळचा अरबी; त्याच्या धातूचा अर्थ वाट दाखवणं असा आहे. मला त्या शब्दाचं काही वाटत नाही, पण पाटीवर मी 'एजंट' लिहितो, कारण सोसायट्यांच्या गेटवर तेवढंच वाचलं जातं.

आता मालक कुठे भेटतो ते. पुणे शहर डोक्यातून काढून टाका. आपल्या घरापासून चालत वीस मिनिटांत जेवढं फिरता येतं तेवढाच आपला गाव. माझ्या गावात तेव्हा १४० सोसायट्या होत्या. मी दोनशे पानी वही घेतली आणि रोज सकाळी साडेसात ते साडेनऊ चाललो. प्रत्येक इमारतीला एक पान दिलं: मजले किती, लिफ्ट आहे का, पार्किंग झाकलेलं की उघडं, पाणी कॉर्पोरेशनचं किती वेळ येतं, टँकर लागतो का, मेंटेनन्स किती, सेक्रेटरी कोण, वॉचमन कोणत्या गावचा. दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत एक रुपया मिळाला नाही. पण 'आमच्याकडे पाणी कसं आहे?' या प्रश्नाचं उत्तर मालकाला विचारावं न लागता मला देता यायला लागलं.

रिकामं घर कुठलं, हे पोर्टलच्या आधी तीन माणसांना कळतं. वॉचमनला तर कळतंच. पण इस्त्रीवाल्याला जास्त कळतं, कारण एखाद्या घरातले शर्ट यायचे थांबले की ते घर हलणार आहे किंवा हललं आहे हे त्याला चार दिवस आधी माहीत असतं. तिसरा पेपरवाला, पण आता पेपर घेणारी घरं कमी झाली. या लोकांना पैसे देऊन बातम्या काढणारे एजंट आहेत. मी सौदा झाल्यावर दिवाळीला पाकीट देतो; आधी नाही. आधी पैसे दिले की तीच बातमी पाच जणांना विकली जाते.

माझी पहिली चावी प्लंबरमुळे मिळाली. कर्वेनगरात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचा वन बीएचके. मालकीण निवृत्त शिक्षिका, राहायला खालच्याच मजल्यावर. भाडेकरू जाऊन दोन महिने झाले होते. माझ्याआधी तिघे एजंट येऊन गेले होते आणि तिघांनी एकच सांगितलं होतं: 'काकू, आधी रंग काढून घ्या, मग बघू.' रंगाचे पैसे त्यांच्याकडे नव्हते, आणि असते तरी बाई कामगारांच्या मागे जिना चढ-उतर करणार नव्हत्या.

मी घर पाहिलं. रंग चालण्यासारखा होता. पण स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, गॅलरीत कबुतरांनी घाण केली होती, आणि बंद घराचा एक कोंदट वास असतो तो होता. मी म्हटलं, 'काकू, रंग राहू द्या. मी उद्या प्लंबर आणतो आणि गॅलरी धुवून घेतो. साडेतीनशे रुपये होतील.' दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास खिडक्या उघड्या टाकल्या, दहा वाजता ऊन हॉलमध्ये येतं तेव्हा फोटो काढले. आठव्या दिवशी एक नवराबायको येऊन घर पसंत करून गेले. काकूंनी नंतर त्यांच्या दोन मैत्रिणींच्या चाव्या मिळवून दिल्या. त्यातल्या एकीच्या मुलीचा फ्लॅट मी पुढे विकला. भाड्याच्या पहिल्या सौद्याची दलाली तेव्हा काही हजारांत होती. त्या साखळीतून पुढे किती आले याचा हिशेब मी कधी मांडलेला नाही.

म्हणून सुरुवात भाड्यापासून करा असं मी म्हणतो. विक्रीच्या सौद्यात रक्कम मोठी दिसते पण ती हातात यायला चार-सहा महिने सहज जातात. टोकन, कागदपत्रं, बँकेची मंजुरी, करारनामा, बँकेचा चेक, यांत कुठेही गाडी अडते. भाड्याचं घर पंधरा दिवसांत जातं आणि अकरा महिन्यांनी पुन्हा तुमच्याकडेच येतं. दलालीचा दर कायद्याने ठरलेला नाही, रिवाज आहे. आमच्याकडे अकरा महिन्यांच्या कराराला एक महिन्याचं भाडं, काही ठिकाणी पंधरा दिवसांचं. विक्रीला दोन्ही बाजूंकडून एकेक टक्का, नाहीतर एकाच बाजूकडून दोन. तरीही पहिले सहा महिने घरखर्च भागेल एवढी पुंजी बाजूला नसेल, तर नोकरी सोडू नका. गरजू एजंट कसलंही घर कुणाच्याही गळ्यात मारतो.

भाड्याच्या कामात मालकाचा भरवसा करारावर मिळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. बरेच मालक म्हणतात, 'कशाला खर्च? पाचशेच्या स्टँपवर नोटरी करू.' त्यांना मी त्याच कलमातला दुसरा भाग सांगतो. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. हे ऐकल्यावर नोटरीचा आग्रह धरणारा मालक मला अजून भेटायचा आहे.

आणि खर्च तरी किती? समजा भाडं २२ हजार, अनामत ६० हजार, मुदत ११ महिने. एकूण भाडं २ लाख ४२ हजार. अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, त्याचे अकरा महिन्यांचे साडेपाच हजार. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सहाशे-सातशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर ऑनलाइन करार करून देणाऱ्याची मजुरी. तो माणूस अंगठ्याचं यंत्र आणि लॅपटॉप घेऊन घरी येतो, मालक-भाडेकरू-साक्षीदार आधारवर अंगठा देतात, आणि रजिस्ट्रारच्या ऑफिसात जावं लागत नाही. मी पहिल्या वर्षी प्रत्येक कराराच्या वेळी हजर राहिलो. कारण त्या अर्ध्या तासात चहा होतो, मालक सोफ्यावर निवांत बसलेला असतो आणि बोलता बोलता सांगतो, 'माझ्या भावाचाही एक फ्लॅट आहे वारज्याला, बंदच असतो.'

(अकराच महिने का, असं भाडेकरू विचारतात. नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. आपल्याकडे १९९९ च्या कायद्याने ती पळवाट बंद केली, सवय मात्र राहिली.)

मालकांच्या अटी हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. 'फक्त फॅमिली', 'फक्त शाकाहारी', 'बॅचलर नको', 'कुत्रं नको', आणि याहून वाईट अटीही, ज्या लोक फोनवर सांगतात पण मेसेजमध्ये लिहीत नाहीत. घर त्यांचं आहे हे खरं. पण आडनाव ऐकून नकार देणाऱ्या मालकाची चावी मी घेत नाही. घेतली तर तो नकार माझ्या तोंडून जातो, आणि समोरच्या माणसाचा चेहरा मला बघावा लागतो. बाकीच्या अटी असतील तर घर दाखवण्याआधी सांगून टाकतो. शनिवारी दोघं नोकरदार सुट्टी काढून चार घरं बघतात आणि चौथ्या घरात कळतं की मासे चालणार नाहीत. त्यांचा दिवस फुकट घालवल्याबद्दल ते मालकाला शिव्या देत नाहीत, आपल्याला देतात.

आमच्या भागातल्या मालकांचा एक मोठा गट परदेशात आहे. मुलगा अमेरिकेत, आईवडील सहा महिने तिकडे, फ्लॅट बंद. यांना फोन करायची वेळ रात्री नऊ-साडेनऊची, तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळ असते आणि माणूस ऑफिसला निघायच्या आधी सापडतो. त्यांना दर महिन्याला काय हवं असतं? विजेच्या मीटरचा फोटो, मेंटेनन्स भरल्याची पावती, पावसाळ्यात भिंतीला ओल आली का ते. मी हे फुकट करतो. त्यातला एखादा फ्लॅट विकायला निघतो तेव्हा मालक दुसऱ्या एजंटाला विचारतही नाही. पण तिथे एक खड्डा आहे. इथे राहणाऱ्या माणसाकडून ५० लाख किंवा त्यावर किमतीचं घर घेताना खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापायचा असतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. विकणारा अनिवासी असेल तर मात्र हा एक टक्क्याचा नियम नसतो. कपात बरीच जास्त असते आणि ती न कापल्यास बोजा खरेदीदारावर येतो. हे टोकनच्या आधी सांगितलं तर सीए गाठून मार्ग निघतो. टोकननंतर सांगितलं तर दोन्ही बाजू तुमच्याकडे चोर म्हणून बघतात.

गेल्या काही वर्षांत गिऱ्हाइकांचा एक वेगळाच झरा फुटला आहे: पुनर्विकास. कोथरूड-कर्वेनगरात सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्या एकामागून एक बिल्डरकडे जात आहेत. इमारत पाडली की सगळ्या सभासदांना दोन-तीन वर्षं भाड्याने राहायचं असतं आणि भाडं बिल्डर देतो. वीस सभासदांची सोसायटी म्हणजे एका महिन्यात वीस गिऱ्हाइकं. त्यातली बहुतेक वयस्कर, आणि सगळ्यांना एकच हवं असतं: देऊळ, डॉक्टर आणि नेहमीचा वाणी सोडून लांब जायचं नाही, आणि लिफ्ट पाहिजे. बिल्डर निवडण्याची पद्धत ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ठरवून दिली आहे. त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. अशा सभेची नोटीस फलकावर लागली की सकाळी फिरणाऱ्या एजंटाला ती दिसते. पण सभेच्या दुसऱ्याच दिवशी दारात जाऊन उभं राहू नका. त्या दिवसांत सोसायटीत भाऊबंदकी चालू असते आणि तुम्ही बिल्डरचे हस्तक ठरता. करारावर सह्या झाल्या, घर खाली करायची तारीख ठरली, की मग जा. एका आजोबांना मी अकरा घरं दाखवली. बारावं पसंत पडलं, कारण त्याच्या खिडकीतून पाडलेल्या सोसायटीच्या आवारातलं आंब्याचं झाड दिसत होतं.

विक्रीकडे वळताना कागद वाचायला शिकावंच लागतं. वकील व्हायचं नाही, पण सूची क्रमांक दोन बघता आली पाहिजे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. मालक कोण, क्षेत्रफळ किती, केव्हा आणि किती किमतीला घेतलं, सगळं तिथे असतं. हे न पाहता मी एकदा एक लाखाचं टोकन घडवून आणलं. विकणारे गृहस्थ भारदस्त, सोसायटीच्या भाग दाखल्यावर त्यांचं नाव, मेंटेनन्सची बिलं त्यांच्या नावाची. चार दिवसांनी नाशिकहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. फ्लॅट वडिलांचा होता, आणि हे गृहस्थ नॉमिनी होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी आपला व्यवहार त्याच्या नावाने करते, वारसांचे हक्क त्यामुळे जात नाहीत. टोकन परत गेलं. खरेदीदाराने माझ्याशी पुन्हा कधी व्यवहार केला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तेव्हापासून भोगवटा प्रमाणपत्र, सूची दोन, भाग दाखला आणि वारसांची माहिती हातात आल्याशिवाय मी विक्रीचं घर दाखवत नाही. मालक चिडतात. 'बाकीचे एजंट तर काही मागत नाहीत.' मी म्हणतो, 'म्हणूनच मागतो, काका.'

गिऱ्हाइकाला एकूण खर्चाचा कागद पहिल्या भेटीतच द्यावा. पुण्यात ८० लाखांचं घर घेणाऱ्याला सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी, ८० हजार वाचतात. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. सोसायटीची हस्तांतरण फी महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५ हजार. यापेक्षा जास्त 'देणगी' मागणाऱ्या कमिट्या असतात, आणि शांतपणे नियम सांगणारा एजंट शेजारी असला की आवाज खाली येतो. शेवटी आपली दलाली. तीही त्याच कागदावर, आकड्यात, जीएसटी लागू असेल तर तोही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते. दलालीचा आकडा शेवटी सांगणाऱ्यांना मी भित्रे समजतो. मीही पहिली दोन वर्षं भित्राच होतो.

आणि दलाली बुडते, हेही सांगायला हवं. एका कुटुंबाला मी चार महिने घरं दाखवली. एक पसंत पडलं, बोलणी दोन लाखांवर अडली, मग 'आम्ही सध्या थांबतोय' असा निरोप आला. पुढच्या पावसाळ्यात त्याच इमारतीत दुसरं घर दाखवायला गेलो तर बाल्कनीत त्यांचेच कपडे वाळत होते. मेव्हण्याच्या नावाने सौदा झाला होता. भांडून उपयोग नव्हता, कारण माझ्याकडे एक ओळसुद्धा लेखी नव्हती. आता प्रत्येक भेटीनंतर मी दोन्हीकडे साधा मेसेज टाकतो: आज इतक्या वाजता, अमुक इमारतीतला अमुक फ्लॅट तुम्हाला माझ्यामार्फत दाखवला, व्यवहार झाल्यास ठरलेली दलाली इतकी. उत्तरात 'ओके' आलं की पुरे. तरी वर्षात एखादा टांग देतोच. दुसऱ्या एजंटाबरोबर मिळून काम असेल तर 'साइड बाय साइड', ज्याची पार्टी त्याची दलाली, हे फोनवर नाही, लिहून.

नव्या प्रकल्पांच्या 'चॅनल पार्टनर' कामाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण मी ते फारसं केलं नाही. टक्केवारी चांगली असते, साइटवर एसी ऑफिस असतं. पण पैसे बिल्डर देतो, गिऱ्हाइकाने ठरावीक रक्कम भरून करार नोंदवल्यानंतर, आणि त्याला वाटेल तेव्हा. एवढं मात्र पाठ असू द्या: करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. तुमच्या भरवशावर आलेल्या माणसाला तो वीस टक्के मागत असेल, तर तोंड उघडणं तुमचं काम आहे, मग पुढच्या बुकिंगला तुम्हाला बोलावलं नाही तरी चालेल.

शेवटी हंगामाचं. कॉलेजांमुळे आमच्याकडे भाड्याची गर्दी मे ते जुलै, विक्रीची लगबग गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याच्या आसपास. पितृपक्षात कोणी टोकन देत नाही, आणि बहुतेक एजंट ते पंधरा दिवस गावी जातात. मी जात नाही. त्या दिवसांत मालक घरी असतात, त्यांच्या मागे कोणी लागलेलं नसतं, आणि जुने कागद काढून बसायला त्यांना वेळ असतो. वही घ्यायची आणि ज्यांचं घर बंद आहे अशा रोज चार जणांकडे जायचं. विकायचं का, असं विचारायचं नाही. पाणी गळतंय का, मेंटेनन्स थकलाय का, एवढंच. डब्यातल्या आजच्या ३९ पैकी १३ चाव्या मला त्याच पंधरा दिवसांत मिळालेल्या आहेत, आणि घटस्थापनेच्या सकाळी पहिला फोन येतो तेव्हा मी दाखवायला तयार असतो.